अक्षरं चाखणारं कुलूप

टंकलेखनाच्या वर्गाकडे पाठ करून उभे राहणारे शिक्षक मी त्यांच्याआधी पाहिले नव्हते. बीडच्या एका अरुंद गल्लीत, त्यांच्या थोरल्या भावाच्या कापडदुकानावरच्या मजल्यावर हा वर्ग होता. बारा यंत्रांवर बारा जण बडवत असत, शाईच्या फितीचा आणि मशीनच्या तेलाचा वास उन्हाने तापून खोलीभर दाटलेला असे, आणि ते खिडकीचे गज धरून खाली रस्त्याकडे पाहत असत. मध्येच, मान न वळवता म्हणत, "तिसरं मशीन. करंगळी दुखायलीय का? हलकी पडायलीय." तिसऱ्या यंत्रावरची मुलगी चपापून हात मांडीवर घेई. करंगळी खरोखरच दुखत असे.

"तुम्ही बघता तरी कधी, अप्पा?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"बघायचं कावून? बघितलं की माणूस लाजतं, अन् लाजलं की चुकतं. मशीनला लाज न्हाई, ताई. ते सगळं सांगतं."

सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणे, म्हणून मीही म्हणत होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात बंडी, कानामागे पेन्सिलीऐवजी पेचकस. मी मराठीत एम.ए. होऊन घरी बसले होते. कविता लिहीत होते आणि कुणाला दाखवत नव्हते. मराठी टंकलेखन शिकवायला कुणीतरी हवं आहे असं ऐकून मी गेले, तेव्हा त्यांनी माझं प्रमाणपत्र उघडलंसुद्धा नाही. वर्तमानपत्र हातात देऊन म्हणाले, "वाचा." मी अर्धा रकाना मोठ्याने वाचला. डोळे मिटून त्यांनी ऐकला आणि म्हणाले, "दम कुठं घ्यायचा ते कळतं तुमाला. उद्यापासून या."

त्या खोलीच्या एका कोपऱ्यात त्यांचं जुनं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, कथलाच्या तारेची गुंडाळी, आणि पोट उघडून ठेवलेले रेडिओ. वीस वर्षं अप्पांनी अख्ख्या गावाचे रेडिओ दुरुस्त केले होते. मग गल्लीवरून टीव्हीच्या तारा गेल्या, कोपऱ्यावर पिवळ्या पाटीचं फोनचं दुकान आलं, रोज काहीतरी नवं खोक्यातून बाहेर पडू लागलं आणि रेडिओ दुरुस्तीला यायचे थांबले. अप्पांनी त्याचा शोक केला नाही. ते औरंगाबादला गेले आणि एक जुना कंप्युटर एस.टी.तून घेऊन आले. पडद्याचा भाग वाकळेत गुंडाळून त्यांनी सगळा रस्ता मांडीवर धरला होता. गेवराईपाशी एका बाईने विचारलं म्हणे, "लेकरू आजारी हाय का?" अप्पा म्हणाले, "न्हाई, अजून बोलाया लागलं न्हाई."

ते बोलायला लागलं तेव्हा मी तिथे होते. कंप्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढाव्या लागत, खिडकीला दुहेरी पडदा असे, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घुरघुरत असे. अप्पांचा ट्रान्झिस्टर सवयीने चालू राहिला होता, आणि तो खरखरू लागला. दुसऱ्या कुणीही रेडिओ बाजूला नेला असता. अप्पांनी तो कंप्युटरच्या पेटीवरच ठेवला, दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागेवर काटा आणला आणि कान लावला.

"ताई, इकडं या."

मी कान लावला. आत कुणीतरी बारीक सुरात गुणगुणत होतं. अप्पांनी मुलांच्या नावांची यादी अकारविल्हे लावायची आज्ञा दिली, आणि त्या गुणगुणण्याचा लगेच सुपातल्या ज्वारीसारखा आवाज झाला. आधी दाट, मग विरळ, मग एकेक दाणा. यादी लागली तशी शांतता पसरली. मी आकडेमोड ऐकत होते. एखादी विद्या माणसाला आयुष्यात एकदाच असं पहिलं दर्शन देते. माझ्या हातावर काटा आला होता तो मला अजून दिसतो.

"ह्याचं पोट आतून चालतं, तवा बाहेर लहरी सुटत्यात. रेडिओ त्या धरतो," अप्पा म्हणाले. "ह्यानं काय केलं ते पडद्यावर येतं. कसं केलं ते हितं येतं."

असं ऐकणं त्यांच्यात यंत्रांच्याही आधीपासून होतं. एकदा वर्गाची सहल कपिलधारला गेली होती. पोरं धबधब्याखाली ओरडत होती, मुली ओल्या दगडांवर पाय जपून टाकत होत्या. अप्पा देवळाच्या पायरीवर डोळे मिटून बसले होते. ते एकदम उठले आणि म्हणाले, "वर या सगळे. माळावर पाऊस झालाय." वर आकाश निळं होतं. मुलं कुरकुरत वर आली. सीताफळाची एक फोड खाऊन व्हावी एवढ्या वेळात धबधब्याचं पाणी तांबूस झालं, फुगलं, आणि मघाशी मुलं उभी होती तो दगड दिसेनासा झाला. मी विचारलं, तर ते संकोचून म्हणाले, "आवाज जड झाल्ता."

या माणसाने एक कुलूप तयार केलं.

त्या वर्षांत गावातल्या कचेऱ्यांत आणि शाळांत एकेक कंप्युटर येऊ लागला होता आणि तो उघडा टाकायची लोकांना भीती वाटत होती. अप्पांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. यंत्र सुरू केलं की तो परवलीचा शब्द विचारे. शब्द चुकला तर आतलं काहीच दाखवत नसे. पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते साहेबांच्या शिक्षणसंस्थेचं. साहेब म्हणजे आमच्या भागातले मोठे पुढारी. त्यांच्या संस्थेचे हेड क्लार्क स्वतः पाहायला आले. त्यांनी मुद्दाम चुकीचा शब्द टाकला. यंत्राने क्षणात नकार दिला. हेड क्लार्क नाराज झाले.

"हे कसलं कुलूप, अप्पा? बोट उचलायच्या आत न्हाई म्हणतंय. वाचलं तरी का त्यानं?"

अप्पा तीन पिढ्यांच्या दुकानदार घरातले. गिऱ्हाइकाला माल हातात जड लागला पाहिजे, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. त्यांनी प्रोग्राममध्ये एकेका अक्षरामागे थोडा थांबा घातला. आता यंत्र पहिलं अक्षर पाही, क्षणभर थांबे. ते बरोबर असलं तरच दुसऱ्याकडे जाई, पुन्हा थांबे. जिथे चूक सापडे तिथेच थांबून नकार देई. पडद्यावर 'तपासत आहे' अशी अक्षरं लुकलुकत. हेड क्लार्कनी मान डोलावली. "आता कसं, इचार करायलंय."

"एकेक अक्षर चाखून बघतं," अप्पा अभिमानाने म्हणाले. "कडू लागलं की तिथंच थुंकतं."

दोन वर्षांत ते कुलूप सात ठिकाणी बसलं. सातवं ठिकाण आमच्यापासून दोन गल्ल्यांवर होतं, एका डॉक्टरीणबाईंचं प्रसूतिगृह. बाई करारी होत्या, मोजकं बोलत. त्यांच्या टेबलावरची नोंदवही समोर बसलेल्या बायका उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न करतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी वही बंद केली आणि कंप्युटर घेतला. कुलूप बसवायला अप्पांबरोबर मी गेले होते. त्या म्हणाल्या, "अप्पा, माझ्याकडे बाई येते ती आधी तिचं नाव माझ्याकडे ठेवायला देते आणि मग दुखणं सांगते. कुणाची सून, कुणाची लेक, कशासाठी आली होती, हे या खोलीबाहेर गेलं तर इथे एखादीचा जीव जाईल. तुमच्या कुलपावर मी हे सोपवते आहे."

अप्पांनी मान लववली. शपथ घेतल्यासारखा गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला.

पुढे आठ-नऊ महिन्यांनी, हिवाळ्यात, त्या प्रसूतिगृहाचे कंपाउंडर अप्पांना गल्लीत भेटले. हे गृहस्थ क्रिकेटचे वेडे होते. औषधांच्या टेबलावर त्यांचा रेडिओ दिवसभर चाले आणि टेबल कंप्युटरला लागूनच होतं.

"अप्पा, तुमच्या कुलपानं माझी इकेट घालवली की परवा," ते हसत म्हणाले. "मॅडम शब्द टाकायल्या की रेडिओ टिक टिक टिक टिक करतो. सहा टिका. मोजून सहा. एक बी बॉल ऐकू येत न्हाई."

मी हसले. अप्पांकडे पाहिलं आणि हसू थांबलं. त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा कपिलधारच्या पायरीवर झाला होता.

"अन् मॅडमचा शब्द चुकला तर?"

"मग कमी वाजतात. एकदा दोनच वाजल्या. कावून हो?"

अप्पा वर आले. वर्ग सोडून दिला. कंप्युटरच्या खोलीत मला बसवून म्हणाले, "ताई, तुमच्या मनातला एक शब्द ह्याला द्या. मला सांगू नका. कुणालाच ठावं नसंल असा द्या." आणि ते खोलीबाहेर गेले. मी माझ्या कवितांच्या वहीतला एक शब्द इंग्रजी अक्षरांत टाकला. ती वही घरात ट्रंकेच्या तळाशी होती. तो शब्द मी आजवर कुणापाशी उच्चारला नव्हता.

ते आत येऊन बसले. ट्रान्झिस्टर मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि एका बोटाने ए दाबलं. टिक. नकार. बी. टिक. नकार. सी. एकेक अक्षर असं जात राहिलं. एन दाबलं तेव्हा रेडिओत दोनदा वाजलं: टिक, टिक. पहिलं अक्षर यंत्राला गोड लागलं होतं आणि ते दुसऱ्याकडे गेलं होतं, एवढंच. अप्पांनी एन कायम ठेवून दुसऱ्या जागी पुन्हा ए पासून सुरुवात केली. आय दाबल्यावर तीन टिका आल्या.

दुपारचं ऊन पडद्याच्या फटीतून भिंतीवर आलं आणि वीतभर सरकलं. अप्पांच्या कपाळावर घाम आला होता, भस्माचे पट्टे विरघळत होते. बोट मात्र संथ चाललं होतं. प्रत्येक अक्षरागणिक त्या टिकांची ओळ एका मात्रेने वाढत होती. छंद मोजायला शिकलेला माझा कान ती मोजत होता, आणि प्रत्येक मात्रेबरोबर माझ्या ट्रंकेतून एकेक घडी उलगडून बाहेर येते आहे असं वाटत होतं. यंत्राने एकदाही माझा शब्द सांगितला नव्हता. प्रत्येक वेळी ते इमानाने नाहीच म्हणालं होतं. फक्त नाही म्हणायला त्याला लागणारा वेळ खरा होता, आणि त्या वेळातून सगळं गळत होतं.

शेवटचा ए दाबला. कुलूप उघडलं.

अप्पांनी डोळे उघडले, पडदा वाचला. "निष्पर्ण," ते हळू म्हणाले. "पानं झडलेलं. हो ना, ताई?"

मला रडू आलं. कशाचं ते मला आजही नेमकं सांगता येणार नाही. ते घाबरले, रेडिओ बंद केला, मला पाणी दिलं आणि म्हणाले, "मी ऐकलं न्हाई. विसरलो मी."

काही वर्षांपूर्वी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी वाचली. जगभरच्या कंप्युटरांच्या मेंदूत म्हणे एक खोट सापडली होती. यंत्र गुपित सांगत नाही, पण एखादं काम करायला त्याला किती वेळ लागतो ते मोजत गेलं की गुपित कळतं. मोठमोठे तज्ज्ञ त्यावर बोलत होते. मी चष्मा काढून ठेवला. नाकाशी शाईच्या फितीचा वास आला, आणि बंडीतला एक माणूस डोळे मिटून मांडीवरचा ट्रान्झिस्टर धरून बसलेला दिसला.

माझा शब्द उघडला त्या दुपारनंतर दोन दिवस अप्पा कंप्युटरच्या खोलीतून बाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी नवं कुलूप तयार होतं. ते सगळी अक्षरं अखेरपर्यंत तपासत असे, पहिलंच चुकलं तरीही. शब्द छोटा असो की लांब, वेळ सारखाच घेत असे. थोरल्या भावाने खालून वर येऊन विचारलं, तेव्हा अप्पांनी सगळं सांगितलं.

"मंग बदलून टाक की गुपचूप," भाऊ म्हणाले. "सुधारलेला माल आलाय म्हण. कोण विचारायलंय तुला? साहेबांच्या सगळ्या शाळांचं काम यायचंय म्हणतो ना तू?"

"अन् आजपातूर कुणी ऐकून ठिवलं असंल तर? त्यांनी शब्द बदलाया पायजे. सांगितल्याबिगर ते कावून बदलतील?"

"कुणी ऐकलंय का पण?"

"तेच तर, अण्णा. चोर कडी तोडतो, खूण राहती. ऐकणाऱ्याची खूण राहत न्हाई."

भाऊंनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "आधी कुठं जाणार?"

हा प्रश्न त्या घरात सोपा होता. पहिली बोहनी करणारं गिऱ्हाईक थोरलं. सणाचा नारळ आधी त्याच्याकडे जाई, भाव वाढला तर आधी त्याला कळवत, माल खोटा निघाला तर आधी त्याच्यापुढे हात जोडत. आणि जवळचं, घरोब्याचं गिऱ्हाईक सर्वांत शेवटी. त्या क्रमाने साहेबांची संस्था पहिली होती आणि दोन गल्ल्यांवरच्या डॉक्टरीणबाई सातव्या. अप्पांनी त्या क्रमाचा क्षणभरही विचार केला नाही. मीही केला नाही.

ते एस.टी.ने फिरले. साहेबांच्या संस्थेत हेड क्लार्कसमोर त्यांनी खिशातून ट्रान्झिस्टर काढून जुनं कुलूप उघडून दाखवलं, माफी मागितली, नवं बसवलं. मग नेकनूरची शाळा झाली. शिरूर कासारला मी त्यांच्याबरोबर गेले होते. ऊसतोडीला गेलेल्या घरांच्या दारांना कड्या होत्या, अंगणात वाऱ्याने पाचोळ्याच्या रेघा ओढल्या होत्या. मागे राहिलेल्या मुलांच्या वसतिगृहात ते यंत्र होतं. तिथले अधीक्षक हसले. "आमच्यात चोरायला काय हाय, अप्पा? लेकरांची नावं तर हायेत नुसती."

"नावंच तर हायेत," अप्पा म्हणाले आणि फ्लॉपी पुढे केली.

पाचव्या दिवशी आम्ही परतलो. वर्गाच्या पायरीवर पांढऱ्या सफारीतला एक माणूस बसला होता. साहेबांचा पी.ए.

"अप्पा, लई हुन्नरी हाव तुमी," तो म्हणाला. "हेड क्लार्कनी सांगितलं साहेबांना. साहेब खूश हायेत. सगळ्या शाळांचं काम तुमालाच. फक्त एक छोटं कुलूप उघडून द्यायचं. हितंच, दोन गल्ल्या सोडून."

अप्पांनी विचारलं, कशासाठी. पी.ए.ने आडपडदा ठेवला नाही. निवडणूक जवळ आली होती. समोरच्या पार्टीच्या एका घरातली लेक उन्हाळ्यात डॉक्टरीणबाईंकडे येऊन गेली होती. तिचा केसपेपर त्या यंत्रात होता.

"कागद कुणाला दावायचा न्हाई आपल्याला. असला म्हंजी बास."

अप्पा म्हणाले, "मला काम नगं."

"बरं." पी.ए. उठला, सफारीची मागची धूळ झटकली. "तुमीच तर दावलंत हेड क्लार्कला, कसं करायचं ते. आमी शिकू."

अप्पा तसेच उलट पावली निघाले. मी मागून धावले. प्रसूतिगृहाच्या दारात कंपाउंडर भेटले. त्यांनी सहज सांगितलं, "तुमच्या साहेबांचे पी.ए. येऊन गेले सकाळी. बीपी बघा म्हणले. खिशात नवा कोरा रेडिओ. मी म्हणलं, आज तर मॅच न्हाई. तर म्हणले, बातम्या ऐकतो."

डॉक्टरीणबाईंनी अप्पांना उंबऱ्यातच थांबवलं. गावात बातमी अप्पांच्या आधी पोहोचली होती, आणि पोहोचताना वाकडी झाली होती. अप्पा रेडिओ लावून कुणाचंही कुलूप उघडतात, एवढंच त्यांना कळलं होतं.

"हे खरं आहे का?"

"खरं हाय. म्हणूनच आलो. नवं बसवतो, मॅडम, अन् तुमी शब्द—"

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"सात-आठ दिस झाले."

"आणि तुम्ही माझ्याकडे आज येताय. शेवटी." त्यांचा आवाज चढला नाही. "माझ्या यंत्राला आता तुम्ही हात लावायचा नाही."

दार लागलं. अप्पा पायरीवर उभे राहिले. त्यांच्या वयाच्या माणसाच्या चेहऱ्यावर मी तशी लाज कधी पाहिली नव्हती. जुनं कुलूप आत होतं. डॉक्टरीणबाई रोज दुपारी दोन तास वरच्या मजल्यावर विश्रांतीला जात, कंपाउंडर भोळे होते, आणि कंप्युटरचं टेबल बाहेरच्या खिडकीपासून हातभर अंतरावर होतं.

"ताई," त्या खिडकीकडे बघत ते म्हणाले, "तुमच्या घरी मिक्सर लावला की रेडिओचं काय होतं?"

"खरखरतो. काही ऐकू येत नाही."

"कार्बन झिजला की मोटर ठिणग्या टाकती. मंग आसपासचे सगळे रेडिओ आंधळे." हा शब्द त्यांनी असाच वापरला होता, ते नेहमी रेडिओला डोळे असल्यासारखं बोलत.

त्यांनी समोरच्या शिंप्याकडून शिलाई मशीनची एक जुनी मोटर मागून आणली, तिचे कार्बन कानशीने आणखी घासले आणि शिंप्याच्याच दुकानातून लांब वायर ओढून प्रसूतिगृहाच्या त्या खिडकीखालच्या बाकावर जाऊन बसले. मोटर मांडीवर. ती कर्कश घरघर आणि जळक्या तांब्याचा वास सगळ्या गल्लीत पसरला. दुपारी बारा ते चार. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी क्रिकेटचा सामना होता.

त्या दिवशी गल्लीने अप्पांना जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. पानवाला येऊन म्हणाला, "अप्पा, डोकं फिरलं का हो? गल्लीतले समदे रेडिओ भजी तळायलेत." कंपाउंडर हात जोडून उभे राहिले. "शेवटची दहा ओव्हर तरी बंद करा." थोरले भाऊ दुकानातून उठून आले, काही न बोलता बाकावर शेजारी बसले आणि तापलेल्या मोटरखाली स्वतःचं उपरणं घडी करून ठेवलं. लाइट गेली की मोटर आणि आतलं यंत्र दोन्ही गप्प होत, आणि तेवढा वेळ अप्पा पाणी पीत.

दुपारी पी.ए. आला. बाकाकडे न बघता आत गेला. खिडकीतून मला दिसत होतं. तो कंप्युटरपाशी टेकून उभा राहिला, एका हाताने अक्षर दाबलं, खिशातला रेडिओ कानाशी नेला, काटा इकडे फिरवला, तिकडे फिरवला. बाहेर येऊन तो अप्पांसमोर थांबला.

"किती दिस बसणार, अप्पा?"

"कार्बन संपंपातूर," अप्पा म्हणाले. "मंग दुसरी मोटर हाय."

तो गेला. आणि वर खिडकी उघडली. झोपमोड झालेल्या डॉक्टरीणबाई जिना उतरून खाली आल्या.

"हे काय लावलंय तीन दिवस? आत बाळंतिणी आहेत."

अप्पांनी मोटर बंद केली. इतक्या आवाजानंतरची शांतता कानात दुखली. त्यांनी पी.ए.चं नाव घेतलं, तो काय मागत होता ते सांगितलं, आणि मग म्हणाले, "मी आधी तुमच्याकडं यायला पायजे होतं. थोरलं गिऱ्हाईक म्हणून तिकडं गेल्तो. थोरलं कोण, ते मला कळलं न्हाई."

डॉक्टरीणबाई त्यांच्या हातांकडे पाहत होत्या. दोन्ही तळव्यांवर मोटरच्या तापाने फोड आले होते.

"आत या," त्या म्हणाल्या. "आधी हात दाखवा."

हातांना मलम आणि पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी अप्पांना यंत्रापाशी बसू दिलं. नवं कुलूप बसलं. "आता उघडून दाखवा," त्या म्हणाल्या आणि अप्पांना बाहेर पाठवून तात्पुरता एक शब्द टाकला. अप्पा आत आले, पट्टीतून बाहेर राहिलेल्या एका बोटाने सुरुवात केली, ट्रान्झिस्टर कानाला लावला. ए. बी. सी. झेडपर्यंत गेले, पुन्हा ए पासून सुरुवात केली. कंपाउंडर, थोरले भाऊ, मी, सगळे भोवती उभे होतो. त्या छोट्या पेटीतून प्रत्येक वेळी तेवढ्याच टिका येत होत्या, तेवढ्याच अंतराने, ना एक कमी ना एक जास्त. तास गेला. अप्पांच्या कपाळावर पुन्हा घाम आला. त्यांनी रेडिओ या कानावरून त्या कानावर घेतला. आणखी एक तास गेला.

मग त्यांनी तो खाली ठेवला.

"काहीच ऐकू येत न्हाई, मॅडम," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि चेहरा एखाद्या लहान मुलासारखा उजळला होता. "लई चांगलं ऐकू येत न्हाई."

साहेबांच्या शाळांचं काम अर्थातच आलं नाही. टंकलेखनाची यंत्रं एकेक करून भंगारात गेली, वर्ग बंद झाला, मी दुसऱ्या गावी नोकरीला लागले. ती लेक कोण होती ते मला कधी कळलं नाही. कुणालाच कळलं नाही, आणि निवडणूक तिच्यावाचून पार पडली.

मला मात्र त्या संध्याकाळचा शेवट आठवतो. डॉक्टरीणबाई त्यांचा खरा, नवा शब्द टाकायला बसल्या. अप्पा उठून बाहेर गेले. पायरीवर थांबले नाहीत, बाकावर थांबले नाहीत. शिंप्याचं दुकान ओलांडून गल्लीच्या पार टोकाला गेले. काम झाल्यावर बाईंनी मला त्यांना बोलवायला पाठवलं. मी हाक मारली. दोनदा मारली. उतरत्या उन्हात ते आमच्याकडे पाठ करून उभे होते, वर्गात उभे राहत तसेच, पण पट्ट्या बांधलेले दोन्ही तळवे त्यांनी कानांवर घट्ट दाबून धरले होते. जवळ जाऊनही मी त्यांच्या खांद्याला लगेच हात लावला नाही.